१ जूनची सकाळ

महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत ३१ मे या दिवशी जितक्या शाली आणि जितके नारळ लागतात, तितके वर्षातल्या दुसऱ्या कोणत्याही दिवशी लागत नसावेत. माझ्या पिढीतल्या मुलामुलींचे नाव शाळेत घालताना गुरुजींनी पटावर सर्रास १ जून ही जन्मतारीख टाकली, कारण शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई आणि आईवडिलांना मुलाचा जन्म आठवे तो ‘अमक्याच्या लग्नाच्या सालात, श्रावणात’ अशा हिशेबाने. ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली असते, तो नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे गुरुजींनी पाच दशकांपूर्वी स्वतःच्या सोयीसाठी टाकलेली तारीख ३१ मे रोजी कार्यालयेच्या कार्यालये रिकामी करते. माझीही कागदोपत्री जन्मतारीख १ जून १९६०. कागदावर महाराष्ट्र राज्य माझ्यापेक्षा बरोबर एक महिन्याने मोठे आहे. आईच्या म्हणण्याप्रमाणे मी श्रावणातली. पण सेवापुस्तकात आईचे म्हणणे लिहिण्यासाठी रकाना नसतो, म्हणून ३१ मे २०१८ रोजी, गुरुवारी, मध्यान्होत्तर, मी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले.

नोकरीची शेवटची अकरा वर्षे मी सातारा जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत होते आणि दुसऱ्यांची निवृत्तिवेतन प्रकरणे तयार करणे हे माझे मुख्य काम होते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ सालचे. मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले तेही त्याच वर्षी, त्यामुळे त्या नियमांविषयी मला बरोबरीच्या भावंडासारखी आपुलकी वाटत आली आहे. माणूस निवृत्त होण्याच्या दोन वर्षे आधीपासून त्याच्या मागे लागावे लागते. सेवापुस्तकातले खंड भरून काढायचे, वेतननिश्चितीवर वेतन पडताळणी पथकाचा शेरा घ्यायचा, नामनिर्देशने तपासायची, पत्नीचे नाव शिधापत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरे असेल तर ते जुळवून घ्यायचे, ना-देय प्रमाणपत्रे गोळा करायची आणि मग ते बाड मुंबईला महालेखापालांकडे रवाना करायचे. अशी दोनशेहून अधिक प्रकरणे माझ्या हातून गेली. समोर बसलेला प्रत्येक माणूस विचारायचा ते अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाचा काही भाग आधीच एकरकमी घेणे) किती घ्यावे, उपदान (ग्रॅच्युइटी) केव्हा मिळेल आणि पहिले निवृत्तिवेतन कोणत्या महिन्यात जमा होईल. मीही तेवढेच सांगत असे. पैशाची तयारी आपल्याकडून कोणीतरी करूनच घेते. त्यासाठी नियम आहेत, नमुने आहेत, तारखा आहेत आणि उशीर झाला तर स्मरणपत्र येते. उरलेल्या तयारीचे स्मरणपत्र कोणी काढत नाही, हे मला माझ्या कामावरून कळायला हवे होते. पण ते कळले घरातून.

तसे डोळ्यांसमोर एक उदाहरण कार्यालयातही होते. आमच्याकडचे एक शिपाई साठाव्या वर्षी निवृत्त झाले. (चतुर्थ श्रेणीला दोन वर्षे अधिक मिळतात, आम्हाला अठ्ठावन्नला घरी पाठवतात.) त्यांचे निवृत्तिवेतन वेळेवर सुरू झाले, मुलगा मिळवता होता, गावी थोडी शेती होती. तरी पुढचे जवळजवळ वर्षभर ते रोज सकाळी पावणेदहाला कार्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसत. कोणी ओळखीचे दिसले की उठून नमस्कार करत आणि ‘साहेब आले का?’ असे विचारत. आम्ही हसायचो. चहा पाजायचो आणि आत निघून जायचो.

२०१५ साली माझे यजमान बँकेतून निवृत्त झाले. ते माझ्याहून पाच वर्षांनी मोठे; बँकेत निवृत्तीचे वय साठ. स्वतः बँकेतच असल्यामुळे पैशाच्या बाजूला त्यांनी कसलीही उणीव ठेवली नव्हती. निळ्या फायलीत ठेवींच्या मुदती, विम्याचे हप्ते, घराची कागदपत्रे असे सगळे तारीखवार लावलेले होते. पहिला महिना लग्नकार्यांत आणि देवदर्शनात गेला. दुसऱ्या महिन्यापासून मी कार्यालयात निघताना एक दृश्य पाहू लागले: साडेनऊ वाजता हे इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, दिवाणखान्यात खुर्चीवर बसलेले असत. कोठे जायचे नसे. शर्ट मात्र इस्त्रीचाच लागे. संध्याकाळी मी परत आल्यावर माझ्या स्वयंपाकघरात सुधारणा झालेल्या दिसत. डाळींचे डबे वर्णानुक्रमे लावलेले असत, गॅसच्या शेगडीवर सिलिंडर लावल्याची तारीख चिकटवलेली असे आणि ‘मोहरी दोन ठिकाणी का ठेवतेस?’ असा प्रश्न दारातच विचारला जाई. छत्तीस वर्षे शाखा सांभाळलेल्या माणसाला दुसरी शाखा मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी माझी ताब्यात घेतली. मला तेव्हा याचा राग येई.

राग उतरला तो एका दुपारच्या प्रसंगाने. पासबुकात नोंद करून घेण्याच्या निमित्ताने ते अधूनमधून आपल्या जुन्या शाखेत जात. पहिल्या दोन-तीन वेळा चहा झाला, चौकशी झाली. मग बदल्या झाल्या आणि एका खेपेला काउंटरवरच्या नव्या मुलाने मान वर न करता विचारले, ‘काका, काय काम आहे?’ त्या मुलाचे काहीच चुकले नव्हते. पण ते घरी आले आणि दोन दिवस जेवणाखेरीज बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘मला काही काम नाही, हे त्याला कसे सांगणार?’

त्या दिवशी मी ५५ वर्षांची होते आणि माझ्या हातात तीन वर्षे होती. नोकरी आपल्याला पगार देते आणि मान देते हे आपण ओळखून असतो. पण ती आणखी एक गोष्ट देते, ती म्हणजे रोज सकाळी कोणीतरी आपली वाट पाहत असते. ते बहुधा वैतागून पाहत असते, फाइल अडली म्हणून पाहत असते, तरी पाहत असते. ३१ मेच्या संध्याकाळी ही वाट पाहणारी सगळी माणसे एकदम खुर्चीसकट दुसऱ्याकडे वर्ग होतात. म्हणून निवृत्तीची जी तयारी करायची, ती म्हणजे पदाविना, नुसती आपली वाट पाहिली जाईल अशी एखादी जागा आधीच शोधून ठेवायची, असे माझ्या मनाने घेतले. ही जागा नोकरीत असतानाच का शोधायची, याचे कारण मी यजमानांकडे पाहून शिकले होते: रिकाम्या माणसाच्या अंगात नव्या ठिकाणी जाऊन ‘मला घ्याल का’ असे विचारण्याचे बळ उरत नाही.

मी पहिली गोष्ट केली ती हिशेबी स्वभावाला धरून. आमच्याकडे अर्जित रजा जास्तीत जास्त तीनशे दिवस साठते. रोखीकरण (न घेतलेल्या रजेचे पैसे मिळणे) त्याच्यापुरतेच होते आणि वर मिळणारी रजा घेतली नाही तर वाया जाते. माझे तीनशे दिवस केव्हाच भरले होते. निवृत्तीच्या दीड वर्ष आधी मी तीस दिवसांची रजा टाकली आणि कारणाच्या रकान्यात ‘खाजगी कारण’ लिहिले. घरात लग्न नव्हते, कोणी आजारी नव्हते, सहल नव्हती. मला निवृत्त होऊन पाहायचे होते. साहेबांनी दोनदा विचारले, ‘मॅडम, सगळे ठीक आहे ना?’ महिनाभर मी सकाळी उठून वहीत तासांच्या नोंदी केल्या. जे निघाले त्याने माझा अंदाज चुकवला. सकाळ आपली आपण निघून जाते. साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ टेकडीपर्यंत फिरून यावे, चहा, वर्तमानपत्र, पूजा, स्वयंपाक यांत साडेबारा कधी वाजतात ते कळत नाही. संध्याकाळही भरलेली असते. अवघड असतात ते दुपारचे दोन ते पाच. जेवण झालेले, झोप पुरेशी झालेली, ऊन उतरलेले नाही आणि घड्याळ पुढे सरकायला तयार नाही, अशा त्या तीन तासांत मला माझी नोकरी आठवे, कोणाकोणाचे अपमान आठवत आणि दोनदा तर मी विनाकारण कार्यालयात फोन केला. त्या वहीमुळे मला एवढे कळले की माझ्या निवृत्तीचा प्रश्न चोवीस तासांचा नसून तीन तासांचा आहे. पुढे जे काही ठरवायचे ते दुपारी बसेल असे ठरवायचे, हे तिथेच नक्की झाले. ज्यांची नोकरी अजून शिल्लक आहे त्या प्रत्येकाला मी ही रजा घ्यायला सांगते. आतापर्यंत दोघांनी ऐकले आहे.

त्या आधीच, २०१६ साली, मी रविवारच्या मोडी लिपीच्या वर्गाला जाऊ लागले होते. यामागे काही थोर हेतू नव्हता. आमच्या अभिलेख कक्षात कापडात बांधलेले जुने रुमाल होते. त्यांतले कागद मोडीत होते आणि कार्यालयातल्या कोणालाही ते वाचता येत नव्हते. मी वर्षानुवर्षे त्यांना क्रमांक देत आले, वाळवीपासून जपत आले, नोंदवहीत ‘मोडी कागद, गठ्ठा एक’ असे लिहीत आले. ज्या कागदांची मी राखण केली त्यांत लिहिले काय आहे, हे एकदा कळावे एवढीच इच्छा होती. वर्गात शिकवणारा मुलगा २६ वर्षांचा, इतिहासाचा पदवीधर. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीची रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरे लोंबकळत ठेवत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि हात उचलायचा नाही म्हणून एका अक्षराची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यात घुसते. मी ३४ वर्षे टिपण्या लिहिलेली बाई; माझ्या अक्षराला कार्यालयात नाव होते. त्या मुलाने माझी पहिली वही लाल शाईने भरून परत केली आणि म्हणाला, ‘काकू, तुम्ही देवनागरी तिरकी करून लिहिताय. हे मोडी नाही.’ घरी येताना मला रडू आले, हे आज सांगायला हरकत नाही. कित्येक वर्षांत मला कोणी ‘हे चुकले’ असे थेट म्हटले नव्हते. अधिकाऱ्याच्या चुका लोक त्याला सांगत नाहीत, त्या पोटात घालून फाइल पुढे सरकवतात. त्यामुळे पन्नाशीनंतर आपण निर्दोष असल्याचा भ्रम सहज होतो. निवृत्तीआधी एखादी अशी गोष्ट शिकायला घ्यावी जी आपल्याला अजिबात येत नाही आणि जी शिकवणारा आपल्या मुलाच्या वयाचा आहे. विद्या किती येईल ती येईल, पण पदावरून उतरण्याची सवय एक-एक पायरीने होते. धाडकन खाली येण्यापेक्षा ते बरे.

बायकांच्या निवृत्तीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण निरोप समारंभांत त्याविषयी कोणी बोलत नाही. पुरुष निवृत्त झाला की घरात प्रश्न पडतो, ‘आता हे दिवसभर करणार काय?’ बाई निवृत्त झाली की घराला कसलाच प्रश्न पडत नाही, उत्तरे आधीच तयार असतात. माझ्या एका सहकारी बाईंच्या घरी ३१ तारखेला समारंभ झाला आणि १ तारखेपासून पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना ‘उद्यापासून येऊ नका’ असे सासूबाईंनी परस्पर सांगून टाकले. कारण काय, तर ‘आता तू घरीच आहेस.’ निवृत्तिवेतन सुरू झाले त्याच महिन्यात या बाईंना पूर्ण वेळेची दुसरी नेमणूक मिळाली, तीही निवृत्तीचे वय नसलेली. म्हणून माझ्या निवृत्तीला सहा महिने असताना मी यजमानांबरोबर बसून, आमच्या दोघांच्या सवयीप्रमाणे, कागदावर लिहून काढले. मावशी येत राहतील. रात्रीचा स्वयंपाक दोन दिवसांआड यजमानांचा. दिवाणखान्यातले टेबल दुपारी माझे. तोवर त्यांना फक्त चहा येत होता. त्या सहा महिन्यांत ते कुकर लावायला, आमटीला फोडणी द्यायला आणि मोहरी दोन ठिकाणी का ठेवतात हे समजून घ्यायला शिकले. (एक डबी फोडणीच्या डब्याजवळ लागते, दुसरी लोणच्याच्या मोसमाची असते. इतकी साधी गोष्ट.) एका छपराखाली दोन निवृत्त माणसे चोवीस तास राहणार असतील तर त्यांनी जागेची आणि वेळेची वाटणी आधी करावी, असे मला आजही ठामपणे वाटते. प्रेम असतेच, पण प्रेमाने टेबल दोघांना पुरत नाही.

नातवंडांचा विषय याहून नाजूक. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिचा मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा होता आणि मी निवृत्त झाले की आम्ही दोघे तिकडे राहायला जाणार, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. साताऱ्याचे घर भाड्याने द्यावे, असेही कोणी सुचवले. माझ्या ओळखीची तीन जोडपी अशी गेली. अकराव्या मजल्यावरच्या सदनिकेत त्यांना स्वतंत्र खोली आहे, मुले-सुना चांगल्या आहेत, पण खाली उतरल्यावर ज्याला ‘काय म्हणता?’ असे विचारावे असा एकही माणूस नाही. चाळीस वर्षांत गावात जमवलेली वाणी, दूधवाला, डॉक्टर, शेजारी ही सगळी पुंजी त्यांनी एका फेरीत सोडून दिली आणि त्या बदल्यात कुटुंबाची जी सोबत मिळाली ती रात्री साडेआठनंतरची. मी मुलीला सांगितले की महिन्यातले दहा दिवस येईन, तारखा आधी कळवीन, आणि अडीअडचणीला रात्रीच्या गाडीने निघून येईन. बाकीच्या दिवसांसाठी पाळणाघर पाहा. ती दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही. मलाही त्या दोन महिन्यांत स्वतःविषयी फारसे चांगले वाटत नव्हते आणि आपण बरोबर केले का, ही शंका अजूनही अधूनमधून येते. नातू आता नऊ वर्षांचा होईल. त्याच्या सुट्टीत तोच इकडे येतो, आणि माझ्या वहीतली मोडी अक्षरे पाहून ‘आजी, हे डॉक्टरचे अक्षर आहे का?’ असे विचारतो.

निरोप समारंभात एका वक्त्यांनी मला महर्षी कर्व्यांचे उदाहरण दिले होते. शंभरी ओलांडलेल्या महापुरुषाचे नाव अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला द्यायचे म्हणजे थोडी धमकीच असते. तरी मी घरी येऊन साल-सनावळ्या पाहिल्या. कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले आणि १९१४ मध्ये, ५६ वर्षांचे असताना, तिथून निवृत्त झाले. महिला विद्यापीठ निघाले ते १९१६ मध्ये. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की निवृत्तीनंतर दोन वर्षांत माणसाने विद्यापीठ काढले असे दिसते आणि आपण खचून जातो. पण अनाथ बालिकाश्रम त्यांनी १८९६ सालीच सुरू केला होता. पुढे तो हिंगण्याच्या माळावर गेला, तेव्हा महाविद्यालयातले तास संपवून ते पुण्याहून चालत तिथे जात. म्हणजे निवृत्त होताना त्यांच्या हातातले काम १८ वर्षांचे जुने होते. त्यांनी नोकरी सोडली आणि फक्त वेळ वाढवला. पुढे खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. त्यांच्या कर्तृत्वाची बरोबरी आपल्यासारख्यांनी करायची नसते, पण त्या मधल्या अठरा वर्षांतली संध्याकाळची पायपीट कोणत्याही कारकुनाला समजण्यासारखी आहे.

यजमानांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. त्यांनी स्वतः काही शोधले नाही. त्यांना शोधत कोणीतरी आले. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ माउलींच्या पालखी सोहळ्यातल्या एका दिंडीत वर्षानुवर्षे जातात. अडीचशे माणसांच्या दिंडीत वाटखर्चाचे पैसे गोळा होतात, धान्य येते, तंबूचे भाडे असते, पाण्याचा टँकर असतो, आणि दर वर्षी हिशेबावरून कुरबुर होते. २०१७ साली ते म्हणाले, ‘तुम्ही बँकेतले. एवढी वही बघाल का?’ पालखी आमच्या जिल्ह्यात लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी चार-पाच दिवस असते. तेवढेच दिवस हे गेले आणि पायाला फोड घेऊन, चेहऱ्यावर उजेड घेऊन परत आले. दिंडीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात. ‘साहेब’ गेल्यानंतर ज्यांना ‘काका’ सहन होत नव्हते, त्यांना ‘माउली’ चालले. आता ते आषाढाच्या दोन महिने आधीपासून फोनवर असतात आणि कार्तिकात शिल्लक रकमेचा ताळेबंद मांडतात. इस्त्रीचा शर्ट सुटला. डबे मात्र अजून वर्णानुक्रमे आहेत.

मलाही निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात कंत्राटी तत्त्वावर परत येण्याचे बोलावणे आले होते. ज्यांना पैशाची गरज आहे त्यांनी असे काम जरूर घ्यावे. पण मला गरज नव्हती. मला फक्त १ जूनच्या सकाळची भीती वाटत होती, आणि भीतीपोटी जुन्या खुर्चीच्या बाजूला स्टूल टाकून बसायचे नाही, असे ठरवून मी नकार कळवला. त्याऐवजी आठवड्यातून एक दुपार मी वाचनालयाच्या बाहेरच्या खोलीत बसते आणि कुटुंब निवृत्तिवेतनाची कागदपत्रे अडलेल्या बायकांना मदत करते. नवरा गेल्यावर फायलीत काय आहे हे त्यांना ठाऊक नसते, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो हेही काहींना माहीत नसते. हे काम मला येते म्हणून सुरुवातीला मी ते रोज करू लागले होते आणि तीन महिन्यांत माझा आवाज पुन्हा आस्थापना शाखेचा झाला. एका बाईंना मी ‘उद्या या’ म्हणाले आणि माझे मलाच ऐकू आले. तेव्हापासून आठवड्यातून एकच दुपार, आणि त्या दिवशी आलेल्या कोणालाही ‘उद्या’ सांगायचे नाही.

प्रकृतीविषयी मी फार लिहीत नाही. गुडघे, साखर, मोतीबिंदू यांवर सल्ला देणारे पुष्कळ आहेत. एकच सांगते, की कमी ऐकू येऊ लागले तर श्रवणयंत्र लवकर लावावे. यजमानांनी ते दोन वर्षे लांबवले आणि त्या दोन वर्षांत चारचौघांत बसणे त्यांनी हळूहळू टाळले होते. आम्हाला वाटत होते की त्यांना लोकांचा कंटाळा आला आहे.

शेवटच्या कागदांविषयी आमच्या घरी बोलणे निघाले ते योगायोगाने. २०१८ च्या मार्चमध्ये, माझ्या निवृत्तीला पावणेतीन महिने राहिले असताना, सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे माणसाला आधी लिहून ठेवता येईल. तेव्हाची पद्धत किचकट होती, तीत न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. २०२३ मध्ये न्यायालयाने ती सोपी केली आणि दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही पुरेशी ठरवली. आम्ही दोघांनी तो कागद केला. मृत्युपत्र आधीच झाले होते. ते संपत्तीचे असते आणि लिहायला सोपे असते. हा दुसरा कागद लिहिताना मात्र, ‘मला काहीच कळत नसेल तेव्हा तू काय ठरवशील?’ हे एकमेकांना विचारावे लागले. बेचाळीस वर्षांच्या संसारात इतके स्पष्ट आम्ही बोललो नव्हतो. मुलीला बोलावून दोन्ही कागद दाखवले. ती म्हणाली, ‘आज कशाला हा विषय?’ पण फाइल कुठे ठेवता, हे तिने विचारून घेतले.

मोडीचे म्हणाल तर मी अजून कच्चीच आहे. गेल्या वर्षी मात्र आमच्या वर्गाला एका कुटुंबाचे जुने कागद वाचून देण्यासाठी मिळाले. त्यांतली एक यादी मी तीन आठवडे खपून लावली. शेवटी ती एका घरच्या कार्याच्या सामानाची निघाली: गूळ किती, तूप किती, पत्रावळी किती आणि कोणाकडून उसनी आणलेली भांडी किती. इतिहासात भर पडली नाही. मात्र त्या घरातल्या आजींना आपल्या पणजीच्या घरी किती पंक्ती उठल्या हे कळले आणि त्यांनी मला दुसरा गठ्ठा कधी वाचणार म्हणून चार वेळा फोन केला आहे. दुपारी तीनलाच करतात.

मागच्या आठवड्यात कार्यालयातले माझे एक कनिष्ठ सहकारी घरी आले होते. येत्या ३१ मे रोजी त्यांची निवृत्ती आहे. तेही गुरुजींच्या कृपेने १ जूनचेच. महालेखापालांकडे प्रकरण गेले आहे, पण एकदा मी नजर टाकावी म्हणून त्यांनी सगळ्या प्रती आणल्या होत्या. मी अर्हताकारी सेवा (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी सेवा) तपासली, नामनिर्देशन पाहिले, वेतननिश्चितीचे कोष्टक पाहिले आणि सगळे चोख असल्याचे सांगितले. मग चहा देताना विचारले, ‘१ जूनला सकाळी दहा वाजता तुम्ही कुठे असाल?’

त्यांनी बराच वेळ कपातल्या चहाकडे पाहिले.

‘ते अजून ठरवले नाही, मॅडम,’ असे म्हणून त्यांनी फाइल पुन्हा माझ्याकडे सरकवली, ‘पण तेवढे अंशराशीकरणाचे पान परत एकदा बघता का?’